लोणीचा हात आणि समुद्राचं शेवाळ

त्याला सगळे लोणी म्हणायचे, कारण त्याच्या वस्तऱ्याखाली माणसं झोपायची. खरोखर झोपायची, घोरायची, आणि दाढी झाली म्हणून उठवलं तर थोडी रागावायचीसुद्धा. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. खिडकीकडची खुर्ची लोणीची आणि आतली मेहुण्याची. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या आधी कात्री धरायला शिकायला म्हणून आला आणि तिथेच चिकटला. हात त्याचाही काही वाईट नव्हता, पण गिऱ्हाईक खिडकीकडच्या खुर्चीसाठी थांबून राहायचं. आतली खुर्ची रिकामी दिसत असली तरी पेपर उघडून बाकावर बसायचं. मेहुणा म्हणायचा, दाजी, तुमच्या कृपेने माझी खुर्ची नवीकोरी राहिली आहे.

या दुकानात लोणीच्या वडिलांनी घालून दिलेला एक नियम होता. कारागिराने स्वतःची दाढी स्वतः करायची नाही. जो दिवसभर दुसऱ्याच्या गळ्यावर पातं धरतो, त्याने आपलाही गळा कुणाच्या तरी हाती द्यावा, म्हणजे हाताला भान राहतं, असं वडिलांचं म्हणणं. म्हणून एक दिवसाआड सकाळी, दुकान उघडायच्या आधी, शटर अर्धं वर करून मेहुणा लोणीची दाढी करायचा आणि मग लोणी मेहुण्याची. घरात भांडण असो, कुणाला ताप असो, हे चुकलं नव्हतं.

या वडिलांना साखरेने नेलं. एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. आधी गोळी आली, मग सुई, मग डोळे गेले. शेवटची वर्षं ते दुकानातल्या बाकावर बसून कात्रीचा आवाज ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, डाव्या कानामागे राहिलंय बघ. बहुतेक वेळा खरंच राहिलेलं असायचं. लोणीच्या मनात तेव्हापासून एक गाठ बसली होती: गोळी म्हणजे सुईची मोठी बहीण, आणि सुई म्हणजे अंधार. त्यामुळे स्वतःच्या रक्तात साखर निघाली त्या दिवशी तो डॉक्टरबाईंच्या खोलीतून बाहेर पडला तो रस्ता चुकला. रोजचा रस्ता, रोजचं बंदर, आणि हा पठ्ठ्या उलट्या दिशेला चालत सुटला.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की गोळी घेतली की वेळेवर खायचं, उपाशी राहायचं नाही. लोणीने गोळी बिनचूक घेतली आणि खाणं गिऱ्हाइकांवर सोडलं. एका गर्दीच्या दिवशी दुपार टळून गेली तरी डबा उघडला नव्हता. खुर्चीत शाळेचे म्हातारे मुख्याध्यापक झोपले होते. लोणीच्या अंगाला घाम फुटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि हात थरथरला. मुख्याध्यापकांच्या कानाच्या पाळीला मोहरीएवढं रक्त आलं. तुरटी लावली, रक्त थांबलं, मुख्याध्यापक तर जागेही झाले नाहीत. पण लोणीच्या आयुष्यात तो पहिला काप होता. त्याने त्याच दिवशी ठरवलं की गोळी हात खाते. उपाशी राहिला कोण, तर हा, आणि शिक्षा गोळीला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. बायको समजावून थकली, डब्यावर डबे पाठवून थकली, पण तो बधला नाही. गोळ्यांची पाकिटं कपाटावर गेली आणि धूळ खात पडली.

आता गोळी नाही म्हटल्यावर दुसरं काहीतरी हवंच. ते पेपरात मिळालं. बंदरावर क्रेन चालवणारा एकजण मिशी कोरून घ्यायला यायचा आणि नंबर लागेपर्यंत पेपर मोठ्याने वाचायचा. त्याने वाचलं की समुद्रातल्या तपकिरी शेवाळात काही द्रव्यं सापडली आहेत, ती खाल्लेल्या पिठाची साखर होण्याचा वेग कमी करतात, प्रयोगशाळेत उंदरांची साखर त्याने उतरली, आता माणसांवर पाहताहेत. लोणीची कात्री हवेतच थांबली. समुद्र तर दारात होता! त्याने गिऱ्हाइकाचे केस तसेच सोडून ते पान हातात घेतलं. पण त्या दुकानात पेपरला दोन कामं होती. वाचायचा आणि फाडायचा. दाढी करताना पात्यावरचा फेस पुसायला खांद्याजवळ पेपरचा तुकडा ठेवायची त्यांची जुनी पद्धत. त्या पानाचा खालचा अर्धा भाग लोणीने स्वतःच सकाळी फाडला होता, आणि तो कधीच फेसाने भिजून टोपलीत गेला होता. वरच्या अर्ध्यात उंदीर बरे झाले होते. लोणीला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून तो ओहोटीला खडकांवर जाऊ लागला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात दुकानातली जुनी कात्री. चामड्यासारखे लांब तपकिरी पट्टे कापून आणायचे, धुवायचे आणि दुकानामागे टॉवेल वाळत घालायच्या दोरीवर टॉवेलांच्या शेजारी टांगायचे. वाळले की कुटून बरणीत भरायचे. सकाळी एक चमचा पाण्यातून. टॉवेलांना खाऱ्या पाण्याचा वास लागला आणि तोंड पुसून घेताना गिऱ्हाइकं विचारू लागली की आज दाढी केली की पोहून आलो. मेहुणा म्हणाला की आता फक्त मासे टांगायचे बाकी आहेत. लोणी हसला नाही. त्याला हसायला वेळच नव्हता. बोटात सुई टोचून साखर दाखवणारं यंत्र त्याने घरी आणलं होतं, आणि त्यावरचा आकडा खरंच उतरत होता.

का उतरू नये? माणूस रोज खडकांपर्यंत चालत जात होता, चहातली साखर सोडली होती, गोड पाहिलं तर तोंड फिरवत होता. पण श्रेय सगळं बरणीला. विजारी सैल झाल्या, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, आणि तो खिडकीकडच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला समुद्राचं माहात्म्य सांगू लागला. बिचाऱ्यांच्या गळ्यावर वस्तरा. माना डोलवायचीही सोय नाही. थोड्याने एवढं, तर जास्तीने किती, असा हिशोब करून एका चमच्याचे दोन झाले, मग संध्याकाळचाही आला. अति तेथे माती हे त्याला पाठ होतं, पण ते दुसऱ्यांसाठी.

मग पायाला भिंगरी लागली. आधी वाटलं की अंगात ताकद आली. पहाटेच उठायचा, दुकान झाडायचा, आरसे पुसायचा, पुसलेले आरसे परत पुसायचा. एका जागी बूड टेकेना. जेवताना ताटावरून दोनदा उठायचा, आणि तरी जेवायचा मात्र दोघांचं, आणि वजन उतरतच होतं. पंखा गरगरत असताना सदरा घामाने पाठीला चिकटायचा. बोलणं इतकं भरभर झालं की गिऱ्हाइकं हं हं करून सोडून द्यायची. रात्री उशीवर कान टेकला की आतून धडधड ऐकू यायची, तो कूस बदलायचा आणि दुसऱ्या कानातही तीच. बायकोने विचारलं की होतंय काय, तर म्हणाला, काही नाही, उकडतंय. तिने खिडकी उघडली. त्याने उठून बंद केली, मग परत उघडली.

आणि एके सकाळी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासताना त्याला दिसलं की पात्याची चमक स्थिर नाही. हात थरथरत होता. फार नाही, बारीक, सतत. गोळी सोडून किती दिवस झाले होते, मग हे कशाने? त्याने यंत्रावर पाहिलं तर साखर परत चढलेली. म्हणजे शेवाळ कमी पडतंय, असं त्याने ठरवलं, आणि चमचा आणखी भरून घेतला. हाच तो शहाणपणा, ज्याच्यापुढे डोकं आपटून घ्यावं.

त्या दिवसापासून लोणी हात लपवू लागला. दाढीचं गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, माझी पाठ धरली आहे, आत बस. फक्त केस कापायचा. मग कात्रीही हवेत दात वाजवू लागली, तेव्हा तो मशीनवर आला. मुख्याध्यापक नेहमीसारखे येऊन खिडकीकडच्या खुर्चीत बसले, टोपी काढली, डोळे मिटले. लोणीने ब्रश उचलला, खाली ठेवला आणि म्हणाला की गुरुजी, आज मेहुण्याकडून करून घ्या. म्हाताऱ्याने डोळे उघडून आरशातून त्याच्याकडे पाहिलं. माझं काही चुकलं का, असं विचारलं. लोणी कोरडाच ब्रश धूत राहिला. मुख्याध्यापकांनी टोपी घातली, उद्या येतो म्हणाले, आणि ना उद्या आले ना परवा. लोणीला इतकं लागलं की तो मागच्या दाराने बाहेर पडून टॉवेलांच्या दोरीखाली उभा राहिला, आणि पाणी भरलेल्या डोळ्यांनी शेवाळाच्या पट्ट्या उलट्या-सुलट्या करत राहिला.

सगळ्यात अडचणीची ती सकाळची दाढी. मेहुण्याने आपली केली की आपल्याला त्याची करावी लागणार, आणि वस्तरा हातात घेतला की मेहुण्याला दिसणार. म्हणून लोणीने दाढीच वाढवली. म्हणाला, कंटाळा आला गुळगुळीत तोंडाचा. मेहुणा गुपचूप दुसऱ्या सलूनमध्ये जाऊन दाढी करून येऊ लागला. सलूनवाल्याची दाढी छातीकडे निघाली म्हटल्यावर रस्त्याला विषयच मिळाला. क्रेनवाला म्हणाला, आता दाराबाहेर पाटी लाव, आत दाढी विकत मिळेल. लोणी सगळ्यांबरोबर हसायचा आणि आत तडफडायचा. त्यात एक नवीन किडा डोक्यात शिरला. खिडकीकडची खुर्ची रिकामी आणि आतल्या खुर्चीसमोर रांग, हे रोज पाहून त्याला वाटू लागलं की मेहुणा दुकान गिळणार. बायकोला तो हे बोलून गेला. तुझा भाऊ, म्हणाला, कधीपासून याच दिवसाची वाट बघत असेल. बायकोने त्याच्याकडे रोखून पाहिलं. ती म्हणाली, तुम्हाला झालंय काय हेच मला कळत नाही, पण हे बोलणारे तुम्ही नव्हे. मग पदराने डोळे पुसत ती भावाकडे गेली, आणि त्याचा परिणाम लोणीला दुसऱ्या दिवशी दिसला.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने शटर अर्ध्यावर थांबवलं आणि खिडकीकडची खुर्ची फिरवली.

"दाजी, बसा."

लोणी म्हणाला की वेळ नाही, टॉवेल घालायचेत. मेहुण्याने गळ्याभोवती बांधायचं कापड झटकलं आणि तसाच उभा राहिला. म्हणाला की आज बसला नाहीत तर मी वस्तरा इथे ठेवतो आणि जातो, मग दोन्ही खुर्च्यांवर तुम्हीच शेवाळ वाळवा. मस्करी करतोय असं वाटेना. लोणी बसला. पाय खाली ताल धरल्यासारखे हलत होते, ते त्याने एकमेकांत अडकवून ठेवले.

आधी कात्री, मग मशीन, मग गरम टॉवेल आणि फेस. गालावरून पातं आलं, हनुवटी झाली, मान मागे गेली. गळ्यावर खालून वर, उलटा हात निघाला आणि मध्येच थांबला. मेहुण्याने फेस बोटाने बाजूला केला. गळ्याच्या घाटीखाली, जिथे सपाट असायला हवं, तिथे बोटं उंचावर चढत होती. बाजूची शीर इतक्या जोराने उडत होती की पातं टेकवायला जागा नव्हती.

"हा गळा मला पाठ आहे दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "हा तुमचा गळा नाही."

लोणीने मान सरळ करून आरशात पाहिलं. अर्ध्या भिंतीवर आरसे, दिवसातून दहादा पुसलेले, आणि स्वतःचा गळा मात्र त्याने दाढीआड कित्येक आठवड्यांत पाहिला नव्हता. तिथे एक फुगवटा होता. त्याने थुंकी गिळली तर तो वर गेला आणि खाली आला. वडिलांचे डोळे, गोळ्यांची पाकिटं, बरणी, सगळं एकदम आठवलं. मेहुण्याने उरलेली दाढी तेवढी जागा टाळून पूर्ण केली, तोंड पुसलं, तुरटी फिरवली. आणि मग, पूर्वी व्हायचं तसंच, स्वतः जाऊन खुर्चीत बसला, आपल्याच हाताने गालाला फेस लावला आणि मान मागे टाकून डोळे मिटले.

लोणीने वस्तरा उचलला. आरशात पातं लकलक हलत होतं. खाली मेहुण्याचा गळा, मिसरूड फुटायच्या आधीपासून पाहिलेला. त्याने पातं मिटलं आणि शेल्फवर ठेवलं.

"माझा हात गेला रे," लोणी म्हणाला. इतक्या दिवसांत हे तो पहिल्यांदा बोलला, आणि बोलल्यावर लहान मुलासारखा रडला. मेहुण्याने उठून टॉवेलने आपला फेस पुसला, दाढी तशीच ठेवून शटर खाली ओढलं आणि त्याला हाताला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. बरणी त्याने दुसऱ्या हातात घेतली होती.

डॉक्टरबाईंनी आधी गळा पाहिला, हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला, कागद फडफडला. मग बरणी पाहिली आणि लोणीची बिनपाण्याने केली. औषध घेत नाही म्हणालात, मग हे काय होतं? लोणी म्हणाला की हे औषध कुठे, हे तर समुद्रातलं झाडच. रक्त तपासून आलं तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं. या शेवाळात आयोडीन खच्चून भरलेलं असतं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला ते थोडंसं लागतं, पण याने तिला ते घमेल्याने घातलं, आणि ती मोकाट सुटली. धडधड तिची, घाम तिचा, झोप तिने नेली, हात तिने हलवला. चढलेली साखरही निम्मी तिचीच करणी. लोणीने दबकत विचारलं, म्हणजे पेपरवाले खोटं बोलले? डॉक्टरबाई म्हणाल्या, खोटं नाही. त्या द्रव्यांवर अभ्यास चाललाय, उद्या काही हातीही लागेल. पण ते लोक शेवाळातून एक गोष्ट वेगळी काढतात, तोलतात, मग देतात. तुम्ही अख्खा समुद्र खाल्लात. हे त्या बातमीतही लिहिलेलं असेलच की, नीट वाचलीत का? लोणीला खांद्याजवळचा पेपरचा तुकडा आणि त्यावर पुसलेला फेस आठवला.

हात परत येईल का, एवढंच त्याने विचारलं. बहुतेक येईल, त्या म्हणाल्या, पण वेळ लागेल, आणि मला रोज येऊन विचारू नका. गळ्याची गोळी दिली, साखरेची दिली, आणि बायकोला बोलावून सांगितलं की याला गोळीआधी ताटावर बसवत जा. बायको म्हणाली, ते काम माझ्याकडे लागलं.

पण वाट पाहणं हे काय काम आहे का? बरणी समुद्रात रिकामी केली, दोरीवर परत नुसते टॉवेल आले, आणि लोणीची घालमेल चालूच. दिवसातून कितीदा तो बोटांवर कागद ठेवून पाहायचा. कधी वाटायचं थांबलं, कधी वाटायचं वाढलं. दुकानात तो झाडू मारायचा, पाणी तापवायचा, टॉवेल पिळायचा. मेहुण्याच्या खुर्चीसमोरच्या रांगेकडे पाहायचा आणि आपल्याच जुन्या बोलण्याची लाज वाटून परत पाणी तापवायला जायचा. कारण मेहुण्याच्या गालावर त्या दिवसापासून दाढी वाढत होती. दुसऱ्या कुणाकडे तो गेला नाही, स्वतःही केली नाही. आपली पाळी झाली, दाजींची बाकी आहे, असं विचारणाऱ्याला सांगायचा. क्रेनवाल्याने कपाळावर हात मारला आणि म्हणाला की या दुकानात दाढी हा साथीचा रोग आहे.

शिकाऊ असताना वडिलांनी लोणीला फुग्यावर शिकवलं होतं. फुगवायचा, फेस लावायचा आणि पातं फिरवायचं. फुटला की पुन्हा. लोणीने फुगे आणले. दुपारी दुकान रिकामं असलं की मागे फटाफट आवाज यायचे, भिंतीवर फेस उडायचा आणि मेहुणा इकडे पुढच्या बाजूला मोठ्याने काहीतरी बोलू लागायचा, जणू ऐकूच आलं नाही. मग आवाज कमी झाले. एके दुपारी एकही आला नाही, आणि मेहुण्याने मागे डोकावून पाहिलं तर लोणी ओला, साफ, अख्खा फुगा मांडीवर घेऊन बसला होता.

दुसऱ्या सकाळी शटर अर्ध्यावर थांबलं. मेहुणा खिडकीकडच्या खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि लगेच घोरू लागला. लोणीला हसू आलं. इतकी वर्षं झोपलेले गळे पाहिलेल्या माणसाला फसवतोय. घाटी ताठ होती, श्वास छातीतच अडकलेला, खुर्चीच्या हातांवर बोटं आवळलेली. झोपेचं सोंग घेऊन मेहुणा घाबरला होता आणि तरी गळा देऊन बसला होता. लोणीचा हात पूर्ण थांबला नव्हता. अगदी आत कुठेतरी बारीक हलत होता. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, श्वास सोडला आणि गालापासून सुरुवात केली.

एक गाल झाला, दुसरा झाला. खोटं घोरणं चालूच होतं. लोणी हनुवटीखाली आला आणि उलटा हात हळूहळू वर घेऊ लागला. तेव्हा कधीतरी घोरणं थांबलं. पात्याखालचा गळा सैल पडला, खुर्चीच्या हातावरची बोटं उलगडली आणि तोंड थोडं उघडं पडलं. मेहुणा खरोखर झोपला होता. बाहेर इतक्या दिवसांनी आलेले मुख्याध्यापक टोपी हातात घेऊन अर्ध्या शटरखालून वाकून बघत होते. लोणीने ओठांवर बोट ठेवून त्यांना बाकावर बसायची खूण केली.